तेराव्या वर्षी मूल कुठे बसणार?

प्रति,
मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री,
नवी दिल्ली



एप्रिल २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, देशातल्या विमान कंपन्यांना एक आदेश दिला. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, प्रवास करणाऱ्या आईवडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाजवळची सीट दिलीच पाहिजे आणि तशी दिल्याची नोंद ठेवली पाहिजे, असे त्यात सांगितले होते. तोवर सीट निवडण्याचे पैसे न भरणाऱ्या कुटुंबाला मशीन जिथे टाकेल तिथे बसावे लागे. आई सहाव्या रांगेत, मूल बाविसाव्या रांगेत, आणि मग विमानात शिरल्यावर अनोळखी माणसांची मनधरणी. तो प्रकार थांबवायला शासन पुढे आले, याबद्दल मनापासून आभार. हे पत्र मात्र तो आदेश जिथे थांबतो त्या जागेबद्दल आहे. तो बाराव्या वर्षाशी थांबतो आणि एका पीएनआरच्या आत थांबतो. माझे म्हणणे असे की या दोन्ही सीमा चुकीच्या ठिकाणी आखल्या आहेत. मुलाने आपल्या माणसाजवळ बसणे ही विकायची सोय नाही, ती प्रवासाची अट आहे, आणि ती अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत पाळली गेली पाहिजे.

हे घणसोली गावातून लिहिण्यालाही कारण आहे. ज्या ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली, त्यांतले हे एक गाव. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली. त्याआधी विमान पकडायचे म्हणजे ऐरोलीचा नाहीतर वाशीचा पूल ओलांडून मुंबईत जायचे, आणि त्या प्रवासाचा वेळ आणि खर्च धरूनच बेत ठरायचा. आता विमानतळ खाडीच्या अलीकडे आला आहे. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची सोय होईल अशी त्याची आखणी आहे. या परिसरात राहणारी माणसेही एका जातीची प्रवासी नाहीत. गावठाणात आगरी-कोळी घरे आहेत, जिथे प्रवासाला निघताना आजी, काकू, आत्या, त्यांची मुले असा अख्खा गोतावळा निघतो. सिम्प्लेक्स वसाहतीत माथाडी कामगारांची कुटुंबे आहेत. सेक्टरांमधल्या इमारतींत महापे आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंपन्यांत नोकरी करणारी, देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली तरुण जोडपी आहेत. यांतल्या ज्यांना विमानाची सवय आहे त्यांना वेब चेक-इन कधी उघडते, कोणती सीट फुकट असते, काउंटरवर काय बोलायचे हे पाठ आहे. जे पहिल्यांदा निघतील त्यांना यातले काहीच ठाऊक नसेल. नियमात फट असली की ती नेमकी अशांनाच भोवते. विमानतळ जवळ आल्यामुळे अशी कुटुंबे वाढणार आहेत, म्हणून हा प्रश्न आजच विचारायला हवा.

आधी बारा हा आकडा आला कुठून ते पाहू. आपल्याकडे तो तिकिटाच्या खिडकीशी जोडलेला आकडा आहे. एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे तिकीट. रेल्वेतही पाच ते बारा असेच वय. २१ एप्रिल २०१६ पासून त्या वयाच्या मुलासाठी आरक्षित डब्यात स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे लागते, बर्थ नको असेल तर अर्धे. म्हणजे बारा वर्षे ही सवलतीची मर्यादा आहे. मूल किती जागा व्यापते आणि त्याच्याकडून किती पैसे घ्यावेत, एवढ्याच प्रश्नाचे ते उत्तर होते. मूल संकटात काय करील, अनोळखी माणसाला नाही म्हणू शकेल का, हे प्रश्न त्या आकड्याला कधी विचारलेच गेले नाहीत. विमान कंपन्यांनी तो आकडा उचलला खरा, पण स्वस्त दराच्या बहुतेक विमानांत सवलत काही राहिली नाही. दोन वर्षे पूर्ण झाली की मुलाचे भाडे मोठ्या माणसाएवढेच. ज्या सवलतीसाठी बारा वर्षे मोजत होतो ती गेली आणि मोजमाप तेवढे उरले. आता तेच मोजमाप सुरक्षिततेच्या आदेशात येऊन बसले आहे. त्यातही घोळ आहे. तिकिटाच्या भाषेत बारा पूर्ण झालेले मूल प्रौढ प्रवासी असते, आणि आदेशात मात्र ‘बारा वर्षांपर्यंत’ असे शब्द आहेत. साडेबारा वर्षांचे मूल यात की त्यात, हे चेक-इन काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने तरी कसे ठरवायचे?

या देशाचा कायदा मूल कोणाला म्हणतो, याबद्दल मात्र कुठलाच घोळ नाही. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा २०१२ चा पोक्सो कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो. २०१५ चा बाल न्याय कायदा तेच म्हणतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातही हीच वयोमर्यादा आहे आणि भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला. अलीकडच्या, २०२३ च्या, वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती घ्यायला सांगितले आहे. म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलीचा फोन नंबर साठवायला तिच्या आईवडिलांना विचारावे लागणार, पण तिला रात्रीच्या विमानात दोन अनोळखी पुरुषांच्या मधल्या सीटवर बसवायला कोणालाच विचारावे लागत नाही. विमानाच्या आत पोक्सो कायदा लागू नाही असेही नाही. डिसेंबर २०१७ मध्ये दिल्लीहून मुंबईला येणाऱ्या विमानात सतरा वर्षांच्या एका मुलीचा विनयभंग झाला. जानेवारी २०२० मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्या प्रकरणी एका सहप्रवाशाला पोक्सोखाली दोषी ठरवून तीन वर्षांची शिक्षा दिली. त्या घटनेतला माणूस मागच्या रांगेत होता, त्यामुळे शेजारची सीट घरच्या माणसाला मिळाली असती तर ते टळले असते असा दावा मी करणार नाही. मुद्दा एवढाच की गुन्हा घडून गेल्यावर न्यायालयाने सतराव्या वर्षी जिला बालक म्हटले, तिला सीट देताना मात्र विमान वाहतुकीची व्यवस्था प्रौढ मानते. संरक्षण प्रवासाआधी हवे असते, आणि ते द्यायची संधी सीट देण्याच्या त्या क्षणीच असते.

तेरा-चौदा वर्षांचे मूल प्रौढ नाही, हे विमान वाहतुकीलाही दुसऱ्या एका ठिकाणी मान्य आहे. आपत्कालीन दाराशेजारच्या रांगेत कोणाला बसवायचे याचे नियम असतात, कारण प्रसंग आला तर दार उघडण्याचे काम तिथे बसलेल्याला करावे लागू शकते. अमेरिकेच्या नियमात पंधरा वर्षांखालील व्यक्तीला त्या रांगेत बसवता येत नाही. ताकद, समज, सूचना ऐकून त्यावर चटकन वागण्याची क्षमता या वयात पुरेशी नसेल, असे त्यामागचे गृहीतक आहे आणि ते योग्यच आहे. दार उघडायला ज्याचे वय अपुरे मानतो, त्याला धुराने भरलेल्या केबिनमध्ये एकट्याने निर्णय घ्यायला पुरेसे मोठे कसे मानायचे?

यातूनच या विषयातला सर्वांत गंभीर भाग समोर येतो. आपण सीटचा प्रश्न आरामाचा, फार तर मायेचा प्रश्न समजतो, पण तो विमान रिकामे करण्याच्या वेगाचा प्रश्न आहे. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाचे मार्गदर्शन असे आहे की लहान मुले शक्यतो सोबतच्या मोठ्या माणसाच्याच रांगेत असावीत, आणि ते जमत नसेल तर एका रांगेपेक्षा किंवा मधल्या एका वाटेपेक्षा जास्त दूर नसावीत. कारण साधे आहे. आणीबाणीत आई दाराकडे जात नाही, ती आधी आपल्या मुलाकडे जाते. दोघे पंधरा रांगा दूर असतील तर सगळे पुढे सरकत असताना ती उलट्या दिशेने येते, आणि त्या अरुंद वाटेत तिच्यामुळे इतर शंभर जण खोळंबतात. नव्या प्रकारच्या विमानाला मान्यता देताना अर्धीच दारे वापरून ९० सेकंदांत सगळे बाहेर पडू शकतात, हे दाखवावे लागते. अमेरिकी नियमांत त्या चाचणीत कोण असावे हे बारकाईने लिहिले आहे: निदान ४० टक्के स्त्रिया, निदान ३५ टक्के पन्नाशीच्या पुढचे लोक, आणि तान्ह्या बाळांऐवजी माणसांच्या हातात तीन बाहुल्या. मोठ्या मुलांचा वाटा त्यात ठरवून दिलेला नाही. म्हणजे ज्या ९० सेकंदांवर आपण विसंबतो, त्यांत आपले मूल शोधणारी आई किंवा आईला हाका मारणारा तेरा वर्षांचा मुलगा धरलेलाच नाही. प्रत्यक्षातल्या विमानात, विशेषतः मे महिन्यात आणि दिवाळीत, अशी माणसे कितीतरी असतात.

दोन ताज्या घटना या संदर्भात आठवण्यासारख्या आहेत. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरताना जपान एअरलाइन्सचे विमान तटरक्षक दलाच्या विमानाला धडकून पेटले. त्यात ३७९ जण होते, त्यांपैकी आठ दोन वर्षांखालची बाळे होती. केबिनमधली ध्वनियंत्रणा बंद पडली, आठपैकी तीनच घसरगुंड्या वापरता आल्या, तरी सगळे जिवंत बाहेर आले. लोकांनी कर्मचाऱ्यांचे ऐकले, सामान सोडले आणि एका दिशेने चालत राहिले, म्हणून हे घडू शकले. कुटुंबे विखुरलेली असतील तर लोकांनी एका दिशेने चालत राहावे ही अपेक्षाच करता येत नाही. त्यानंतर तीनच दिवसांनी, ५ जानेवारीला, अमेरिकेत पोर्टलंडहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या विमानाच्या भिंतीतला एक भाग हवेत असतानाच निखळून पडला. त्या भगदाडाजवळ एक किशोरवयीन मुलगा होता. हवेच्या झोताने त्याच्या अंगातला शर्ट ओढून नेला, आणि जवळच असलेल्या त्याच्या आईने त्याला धरून ठेवले. आपल्या एप्रिल २०२४ च्या आदेशाच्या वयात बसणारा तो मुलगा नव्हता. त्याची आई त्याच्याजवळ असलीच पाहिजे, असे आपल्याकडचा नियम सांगत नाही.

वयाची रेषा अशी एकाच जागी, सुरीने कापल्यासारखी आखावी लागत नाही, हे कॅनडाने दाखवले आहे. डिसेंबर २०१९ पासून तिथे पायरीपायरीचा नियम आहे. पाच वर्षांखालचे मूल पालकाच्या अगदी शेजारी. पाच ते अकरा वर्षांचे त्याच रांगेत, मध्ये फार तर एक सीट. बारा आणि तेरा वर्षांचे फार तर एका रांगेच्या अंतरावर. यासाठी जादा पैसे घेता येत नाहीत. अमेरिकेत २०१६ च्या कायद्यापासून तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांचा विचार सुरू झाला आणि २०२४ मध्ये तिथल्या वाहतूक खात्याने त्या वयापर्यंत शुल्क न घेता शेजारी बसवण्याच्या नियमाचा मसुदा मांडला. हे दोन्ही देश तेरापाशीच थांबतात, हे मला ठाऊक आहे. पण पायरीची कल्पना घेण्यासारखी आहे, आणि पायऱ्या किती वर न्यायच्या ते आपण आपल्या कायद्याप्रमाणे ठरवू शकतो. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ च्या दुरुस्तीने चौदा ते अठरा असा किशोरवयीनांचा वेगळा गट आपण केलेलाच आहे. पूर्ण मूल आणि पूर्ण प्रौढ यांच्यामध्ये एक टप्पा असतो, हे आपल्या कायद्याला नवे नाही.

दुसरी सीमा पीएनआरची. आदेशातले संरक्षण एकाच पीएनआरवरच्या पालकापुरते आहे. विमान कंपन्यांच्या नेहमीच्या बुकिंगमध्ये एका पीएनआरवर साधारणपणे नऊपर्यंतच प्रवासी बसतात. बारा जणांचे कुटुंब काशीला निघाले तर तिकिटे दोन तुकड्यांत काढावीच लागतात. नातू एका तुकडीत आणि त्याला सांभाळणारी आजी दुसऱ्या तुकडीत गेली की मशीनच्या दृष्टीने ती दोघे एकमेकांची कोणी नाहीत. वडिलांचे तिकीट कंपनीने काढले आणि आईमुलांचे घरून काढले, तरी तेच. आयत्या वेळी एक तिकीट वाढवले, तरी तेच. शिवाय ‘पालक’ या शब्दात कोण येते? आपल्याकडे मुलांना मामा घेऊन जातो, काकू घेऊन जाते, मोठी बहीण घेऊन जाते. त्यांच्याकडे पालकत्वाचा कागद नसतो, आणि तो असावा अशी अपेक्षाही कोणी करू नये. पीएनआर हा संगणकाच्या सोयीसाठी दिलेला क्रमांक आहे. कुटुंब कोणते हे त्याने ठरवावे, हे पटण्यासारखे नाही.

आता हरकतींकडे येते. पहिली हरकत कंपन्यांची असेल आणि ती हलक्याने घेण्यासारखी नाही. मूळ भाडे कमी ठेवायचे आणि सीट, सामान, खाणे वेगवेगळे विकायचे, या पद्धतीमुळेच विमान सामान्य माणसाच्या आवाक्यात आले, हे खरे आहे. २०२४ मध्ये देशांतर्गत विमानांनी १६ कोटींहून अधिक प्रवाशांनी प्रवास केला, त्यामागे या पद्धतीचा मोठा हात आहे. सीटचे पैसे बुडाले तर भाडे वाढेल आणि ते सगळ्यांनाच भरावे लागेल, असे कंपन्या म्हणतील. पण कोणते पैसे बुडतील ते नीट पाहायला हवे. खिडकीची सीट, पाय पसरायला जागा असलेली सीट, लवकर उतरता यावे म्हणून पुढची रांग, हे सगळे विकायला माझी हरकत नाही. कुटुंबाला ते मागायचेही नाही. उरलेल्या सीटांमधल्या, अगदी शेवटच्या रांगेतल्याही, जवळजवळच्या दोन सीट त्याला पुरतात. त्या देताना कंपनीला ना एक सीट जास्त लागते, ना थेंबभर इंधन, ना एक माणूस. फक्त क्रम बदलतो. बुडतील ते एवढेच पैसे, जे आईवडील निव्वळ ताटातूट होईल या भीतीने भरतात. पसंतीची किंमत लावणे हा व्यापार आहे. पण भीतीची किंमत लावून मिळालेल्या उत्पन्नावर स्वस्त भाडे उभे असेल, तर ते स्वस्त भाडे कुटुंबांच्या खिशातून इतरांना दिलेली सूट ठरते. शिवाय बारा वर्षांपर्यंतच्या मुलांबाबत हे उत्पन्न सोडायला शासनाने आधीच सांगितले आहे. तेरा ते सतरा या पाच वर्षांचा भार त्याहून फार मोठा असणार नाही.

दुसरी हरकत सहप्रवाशांची, आणि ती मला जास्त रास्त वाटते. एखाद्याने पैसे मोजून सीट घेतली, आणि विमानात शिरल्यावर हवाई कर्मचारी त्याला म्हणतात, जरा उठा, या बाईंचा मुलगा मागे आहे. तो नाही म्हणाला तर सगळे त्याच्याकडे रागाने पाहतात. हा त्याच्यावर अन्याय आहे. पण हा प्रसंग नियमामुळे येत नाही, नियम उशिरा पाळल्यामुळे येतो. जवळची सीट बुकिंगच्या वेळी किंवा निदान वेब चेक-इन उघडण्याआधी दिली गेली, तर कोणालाही उठवावे लागणार नाही. १८० सीटांच्या विमानात तीस रांगा असतात आणि साठ सीट मधल्या असतात. बहुतेक लोक त्या पैसे देऊन घेत नाहीत, त्यामुळे शेवटपर्यंत त्या मोकळ्या असतात. अडचण असते ती मोकळी सीट आणि तिच्या शेजारची सीट एकत्र राखून ठेवण्याची, आणि ते काम आधी केले तरच होते. म्हणून नियमाइतकीच त्याची वेळ महत्त्वाची आहे.

तिसरी हरकत अशी की कंपनीला मुलाचे वय कळणार कसे? माझ्या मते खरी अडचण इथे आहे आणि तिच्याकडे कोणी पाहिलेले नाही. तिकीट काढताना तीन खाने दिसतात: प्रौढ, मूल, तान्हे बाळ. चौदा वर्षांची मुलगी प्रौढांच्या खान्यात जाते. देशांतर्गत तिकिटावर प्रौढाची जन्मतारीख सहसा विचारली जात नाही. म्हणजे कंपनी तिला मुद्दाम दूर बसवते असे नाही. ती मुलगी आहे हे यंत्रणेला माहीतच नसते. पण याच पानांवर ज्येष्ठ नागरिक, विद्यार्थी, सैनिक असे खाने कंपन्यांनी स्वतःहून जोडले आहेत, कारण त्यातून तिकिटे खपतात. मग ‘१३ ते १७ वर्षे’ असा एक खाना जोडणे अशक्य कसे म्हणता येईल? तो जोडला गेला की सीटच्या पलीकडेही उपयोग होईल. विमानात किती अल्पवयीन आहेत आणि ते कुठे आहेत, हे विमान कर्मचाऱ्यांना कळेल. आज ते त्यांना नीट कळत नाही.

चौथी हरकत मुलांची स्वतःची आहे, आणि ती ऐकून घ्यायला हवी. सोळा-सतरा वर्षांची मुले आईच्या शेजारी बसायला उत्सुक नसतात. त्यांतली कितीतरी शिकायला परगावी एकटी जातात, लोकलने एकटी फिरतात, धाकट्या भावंडांना सांभाळतात. त्यांना लहान ठरवणे हा अपमान आहे, असे कोणी म्हणेल. म्हणूनच या वयासाठी मी शेजारच्याच सीटची सक्ती मागत नाही, जवळ असण्याची हमी मागते. हमी ही हक्कासारखी असते. ज्याला नको त्याने सोडावी, खुशाल दूरची खिडकी निवडावी. पण ज्या मुलाला कान दुखतात, ज्याचे पोट विमानात ढवळते, जिची पाळी त्याच दिवशी आली आहे, ज्याला गर्दीची आणि बंद जागेची भीती वाटते, त्याला आपल्या माणसाला हाक मारता आली पाहिजे. स्वमग्न किंवा बौद्धिकदृष्ट्या वेगळ्या मुलांच्या बाबतीत तर तेरावा वाढदिवस हा आकडा पूर्णपणे अर्थहीन आहे. या बाबतीत डीजीसीए त्वरेने काम करू शकते हे आपण पाहिले आहे. मे २०२२ मध्ये रांची विमानतळावर विशेष गरजा असलेल्या एका मुलाला विमानात चढू दिले नाही, तेव्हा त्याच महिन्यात संबंधित कंपनीला पाच लाखांचा दंड झाला. आणि पुढे, कोणालाही असे नाकारण्याआधी डॉक्टरांचे मत घ्यावे, अशी दुरुस्ती नियमात झाली.

मांडीवरच्या बाळांचा प्रश्न याला जोडूनच येतो, पण तो मी जाणीवपूर्वक वेगळा ठेवते. जुलै १९८९ मध्ये अमेरिकेतल्या सू सिटी इथे झालेल्या अपघातानंतर तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने दोन वर्षांखालच्या बाळालाही स्वतंत्र सीट आणि पट्टा सक्तीचा करावा, अशी शिफारस केली. तिथल्या विमान प्रशासनाने ती मान्य केली नाही. बाळाचेही पूर्ण तिकीट काढावे लागले तर अनेक कुटुंबे विमान सोडून मोटारीने जातील आणि रस्त्यावर त्याहून जास्त मुले मरतील, असा त्यांचा हिशेब होता. २०२२ मध्ये ज्या देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली, त्या आपल्या देशात हा हिशेब मला खोटा म्हणता येत नाही. रात्रीच्या मुंबई-गोवा महामार्गावर बाळाला मांडीवर घेऊन निघालेल्या कुटुंबापेक्षा विमानात बाळाला मांडीवर घेतलेले कुटुंब सुरक्षित आहे. म्हणून सक्तीच्या तिकिटाची मागणी मी करत नाही. पण याच हिशेबाने जवळच्या सीटच्या मागणीचे बळ वाढते. बाळाची सीट द्यायची तर एक सीट खर्ची पडते. तेरा वर्षांच्या मुलाचे पूर्ण भाडे तर आधीच भरलेले असते. ती सीट कुठली, एवढाच प्रश्न उरतो.

म्हणून मंत्रिमहोदय, एप्रिल २०२४ च्या आदेशात दुरुस्ती व्हावी ती अशी. बारा वर्षे पूर्ण होईपर्यंत मूल सोबतच्या मोठ्या माणसाच्या अगदी शेजारी. बारा पूर्ण झाल्यापासून अठरा पूर्ण होईपर्यंत त्याच रांगेत किंवा लगतच्या पुढच्या-मागच्या रांगेत, आणि कुटुंबाने मागितल्यास शेजारी. दोन्हीसाठी काहीही शुल्क नाही, आणि सीट बुकिंगच्या वेळीच दिली जावी. वेगवेगळे पीएनआर एकाच कुटुंबाचे आहेत हे प्रवाशाला सांगता यावे आणि कंपनीला जोडून घ्यावे लागावे. सोबतचा मोठा माणूस कोण, हे कुटुंबाने सांगावे. मामा असो की आजी, त्यासाठी कागद मागू नये. सीटची नोंद ठेवायला आदेशाने आधीच सांगितले आहे. ती नोंद कपाटात राहण्यापेक्षा डीजीसीए दर महिन्याला प्रवासीसंख्या आणि तक्रारींचा जो अहवाल काढते, त्यात आणखी एका ओळीने यावी: किती मुलांना जवळची सीट देता आली नाही, कोणत्या कंपनीत, कोणत्या मार्गावर. ही ओळ छापली जाऊ लागली तर पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप सुधारतील, असे मला वाटते.

आणखी एक विनंती, ती खास आपल्याला, कारण आपण पुण्याचे आहात. या दुरुस्तीचा मसुदा हरकती-सूचनांसाठी काढाल तेव्हा तो मराठीतही काढावा. नियम झाल्यावर नवी मुंबई विमानतळाच्या चेक-इन काउंटरवर, सामान तोलण्याच्या जागी दिसेल असा, मराठीत फलक लावायला सांगावे: ‘अठरा वर्षांखालील मुलाची सीट तुमच्याजवळ नसेल तर इथे सांगा. पैसे लागणार नाहीत.’ घणसोलीच्या गावठाणातून पहिल्यांदा विमानाने निघालेल्या आजीला वेब चेक-इन म्हणजे काय हे ठाऊक नसले, तरी एवढे तिला वाचता येईल.

कळावे,

घणसोली गाव, नवी मुंबई येथील एक नागरिक